ऑपरेशनच्या आधीची वही



या सदरात आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, विहाराचा हिशेब, मुलींचे शिक्षण अशा विषयांवर चार शब्द लिहीत असतो. या वेळी दुखण्याविषयी लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. पण आमच्या अनसिंगच्या वस्तीतील एका भगिनीच्या ऑपरेशनच्या निमित्ताने आम्ही जे पाहिले, डॉक्टरांना विचारून घेतले आणि चुकून शिकलो, ते सांगितले नाही तर आमच्याकडून कसूर होईल. नाव छापायचे नाही या अटीवर त्या भगिनीने व तिच्या घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे.

वर्षावासाचे दिवस होते. विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. ती भगिनी मागच्या ओळीत बसली होती. वय अडतीस. निंदण-खुरपण करून घर चालविणारी, कधी डोके दुखते म्हणून कामावर खाडा न करणारी बाई. एकाएकी तिचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घामाच्या धारा लागल्या, हात थरथरू लागले. “मले लय घाबरल्यावानी होते भाऊ, छातीत धडधड करते, डोकं फुटते,” एवढेच ती बोलली. वीस-पंचवीस मिनिटांनी सगळे ओसरले आणि ती गळून गेल्यासारखी भिंतीला टेकून बसली.

चौकशी केली तेव्हा समजले की सहा महिन्यांपासून असे झटके येत होते. कधी आठवड्यातून एकदा, कधी दिवसातून दोनदा. वाकून निंदताना येई, पोटावर दाब पडला की येई, कधी काहीच कारण नसताना येई. सासूबाईंचे म्हणणे, “हे बाहेरचं हाय. एकडाव दाखवून आणा.” कोणाकडे दाखवायचे हे त्यांनी सांगितले नाही, पण आम्हांला कळले. बंधूंनो, १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. आम्ही भिंतीवरचे देव उतरविले. पण घरात न कळणारे दुखणे आले की जुनी भीती मागच्या दाराने आत येते. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी भीती कायद्याने जात नाही. ती कारण कळल्यावरच जाते. म्हणून आम्ही सासूबाईंना एवढेच म्हटले, “आत्याबाई, आधी डॉक्टरला दाखवू. त्याला नाही उमगलं तर मग बोलू.”

एकाच दिवसात दोन आकडे

पुढचा झटका आला तेव्हा शेजारच्या नर्सबाई घरी होत्या. त्यांनी यंत्र लावले तर रक्तदाब २१०/१२० निघाला. अर्ध्या तासाने पुन्हा लावले तर १३०/८४. सगळे म्हणाले, मशीन बिघडली. मशीन बिघडली नव्हती. दोन्ही आकडे खरे होते.

त्यानंतर एका खाजगी दवाखान्यात धडधड कमी करण्याची गोळी मिळाली. ती सुरू केली आणि झटके कमी होण्याऐवजी जास्त जोराचे येऊ लागले. त्याचे कारण पुढे सांगतो. शेवटी अकोल्याच्या एका डॉक्टरांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. डोकेदुखी, घाम आणि धडधड ही तीन लक्षणे एकत्र आणि झटक्याने येतात, हे ऐकताच त्यांनी चोवीस तासांची लघवी एका डब्यात जमा करायला सांगितली. त्या लघवीत ‘मेटानेफ्रीन’ नावाचे द्रव्य पुष्कळ पटीने जास्त निघाले. मग पोटाचा सी.टी. स्कॅन झाला. उजव्या मूत्रपिंडाच्या वर पाच सेंटीमीटरची गाठ दिसली. तिचे नाव फिओक्रोमोसायटोमा. नाव अवघड आहे, पण दुखणे समजायला अवघड नाही.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. शेतात पायाजवळ साप दिसला की आपले काळीज धडधडते, घाम फुटतो, अंगात एकदम जोर येतो. ते काम ही ग्रंथी करते. ती रक्तात ॲड्रेनलीन आणि नॉरॲड्रेनलीन सोडते. साप निघून गेला की ती थांबते. या गाठीचे असे की साप नसतानाच ती ही द्रव्ये सोडत राहते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय पळू लागते, रक्तदाब चढतो. त्यात भूतही नाही आणि करणीही नाही. सुपारीएवढ्या नाहीतर लिंबाएवढ्या गाठीचा तो उपद्व्याप आहे.

हे ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. हे दुखणे फार विरळ आहे. रक्तदाबाच्या हजार रुग्णांत एखाद-दुसऱ्याला, फार तर पाच-सहा जणांना ते असते. बाकीच्यांचा रक्तदाब नेहमीचा, आणि नेहमीच्या गोळ्यांनी आटोक्यात राहणारा. परंतु तरुण वयात रक्तदाब निघाला, तो झटक्याने चढ-उतार करतो, तीन-तीन गोळ्यांनाही दबत नाही, सोबत घाम आणि धडधड आहे, असे असेल तर डॉक्टरांना हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

“गाठ सापडली, मंग काढत काऊन नाही?”

नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरांनी सांगितले, ऑपरेशन करावे लागेल, गाठ काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात. पण आज नाही. निदान दोन आठवडे गोळ्या घ्यायच्या, रक्तदाब ताब्यात आणायचा, घरी त्याची वही ठेवायची आणि मग भरती व्हायचे.

तिच्या घरधन्याचा संयम सुटला. “भाऊ, गाठ सापडली न? मंग काढत काऊन नाही? गोळ्या खाऊन गाठ जाते काय?” त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मजुरी बुडत होती, नागपूरच्या खेपा होत होत्या आणि सोयाबीनची सोंगणी महिन्यावर आली होती. गरिबाला थांबायला सांगणे सोपे असते, थांबणे महाग असते. तरी थांबणे का भाग आहे हे त्याला समजले पाहिजे होते. डॉक्टरांनी आम्हांला जे समजावले ते आम्ही त्याला विहाराच्या ओट्यावर बसून त्याच्याच भाषेत सांगितले.

विहिरीवरची मोटर चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे असे समजा. पाईपात दाब चढणारच. या बाईच्या अंगात तेच चालले आहे. रक्तवाहिन्या आवळलेल्या, म्हणजे व्हॉल्व्ह बंद. हृदय पळते, म्हणजे मोटर जोरात. आता अशा स्थितीत ऑपरेशनला घेतले, भूल दिली आणि सर्जनचा हात गाठीला लागला, तर गाठीतले ॲड्रेनलीन एकदम रक्तात ओतले जाते. रक्तदाब अडीचशेच्याही वर जाऊ शकतो. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हृदय बंद पडू शकते. आणि गाठीच्या शिरा बांधून ती बाहेर काढली की उलटे घडते. पुरवठा एका क्षणात तुटतो, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब धाडकन खाली येतो. म्हणजे एकाच ऑपरेशनमध्ये डोंगर चढायचा आणि दरीही उतरायची. तयारी नसेल तर माणूस दोन्हीकडे दगावतो.

ही नुसती भीती नाही. १८८६ साली जर्मनीत फ्रेंकेल नावाच्या डॉक्टरांनी अशा गाठीने गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलीची हकीकत लिहून ठेवली. १९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये रू आणि अमेरिकेत मेयो या सर्जननी अशा गाठी काढून रुग्ण वाचविले. पण त्यानंतरही कितीतरी वर्षे या ऑपरेशनमध्ये शंभरात वीस-वीस, कोठे त्याहूनही जास्त रुग्ण टेबलावर किंवा लगेच नंतर दगावत. आज अनुभवी ठिकाणी हे प्रमाण शंभरात एक-दोन किंवा त्याहूनही कमी आहे. भूल देण्याचे शास्त्र सुधारले, दुर्बिणीतून ऑपरेशन होऊ लागले, ही त्याची कारणे आहेतच. पण एक मोठे कारण म्हणजे ऑपरेशनच्या आधीचे हे गोळ्यांचे दिवस. ते दिवस वाया जात नाहीत. ऑपरेशनचा अर्धा भाग तोच आहे, आणि तो भाग डॉक्टर करीत नाहीत, घर करते.

त्याला आम्ही जीवकाची गोष्टही सांगितली. तथागतांचा वैद्य जीवक याने राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्याचे ऑपरेशन केले, तेव्हा हत्यार हातात घेण्याआधी त्याच्याकडून वचन घेतले की सात महिने या कुशीवर, सात महिने त्या कुशीवर आणि सात महिने पाठीवर पडून राहशील. प्रत्यक्षात सात-सात दिवसांतच काम झाले. पण आधी मोठे वचन घेतले नसते तर रुग्ण तेवढेही पडून राहिला नसता, असे जीवकाने नंतर सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यालाही ठाऊक होते की हत्यार चालविण्याआधी रुग्णाची तयारी करावी लागते. घरधनी हसला आणि म्हणाला, “मंग एकवीस दिवस थांबू.”

आधी व्हॉल्व्ह, मग मोटर

गोळ्यांचा क्रम असा असतो. आधी रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. तिला अल्फा-ब्लॉकर म्हणतात. फेनॉक्सीबेंझामीन हे त्यातले जुने औषध, पण ते महाग पडते आणि प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. म्हणून पुष्कळदा प्राझोसीन किंवा डॉक्साझोसीन देतात. थोड्या प्रमाणात सुरू करून दर काही दिवसांनी वाढवितात. हे झाल्यावर, आणि धडधड राहिलीच तर, हृदयाचा वेग कमी करणारी गोळी देतात. तिला बीटा-ब्लॉकर म्हणतात. आधी व्हॉल्व्ह उघडायचा, मग मोटर हळू करायची.

हा क्रम उलटला तर घात होतो. ॲड्रेनलीन बहुतेक रक्तवाहिन्यांना आवळते, पण काहींना सैलही करते. बीटा-ब्लॉकर आधी दिले तर सैल करणारा रस्ता बंद होतो आणि नुसते आवळणेच शिल्लक राहते. दाब आणखी चढतो. वर हृदयाचा जोर कमी झालेला असतो. आमच्या भगिनीला धडधडीची गोळी घेऊन झटके जास्त का आले, ते आता वाचकांच्या लक्षात आले असेल. तेव्हा कोणालाही गाठ ठाऊक नव्हती. पण शेजारणीला धडधडीची गोळी लागू पडली म्हणून तीच आपण घ्यायची, हा आपल्याकडचा रिवाज किती धोक्याचा आहे हे यावरून दिसते.

दुसरी गोष्ट मिठाची. डॉक्टरांनी गोळ्या सुरू झाल्यावर तिला भरपूर पाणी प्यायला आणि जेवणात मीठ वाढवायला सांगितले. वस्तीत गहजब झाला. “बीपीवाल्या बाईले मीठ? डॉक्टर येडा झाला काय?” आम्हीही आधी चपापलो. कारण असे की महिनोन् महिने रक्तवाहिन्या आवळलेल्या राहिल्याने अशा रुग्णाच्या अंगातला रक्ताचा पातळ भाग घटलेला असतो. गोळीने वाहिन्या रुंद झाल्या की त्या भरायला पाणी आणि मीठ लागते. ते भरून घेतले नाही तर उभे राहताना चक्कर येते आणि गाठ निघाल्यावर दाब फार खाली जातो. मात्र हे लक्षात ठेवा, हा नियम याच रुग्णाला, याच दिवसांपुरता आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच. बाकीच्या रक्तदाबवाल्यांनी मीठ कमीच खायचे आहे. ज्यांचे हृदय किंवा मूत्रपिंड अधू आहे त्यांना तर जास्त मीठ-पाणी बाधते. हा लेख वाचून कोणी लोणच्याची बरणी पुढे ओढू नये.

खोटी वही

आता आमच्या चुकीविषयी.

विहारात वर्गणी करून आम्ही रक्तदाबाचे यंत्र आणले. तिची मुलगी नववीत शिकते. तिच्या हाती वही दिली. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे बसवून एक आकडा घ्यायचा, मग उभे करून दोन-तीन मिनिटांनी दुसरा. बसून १३०/८० च्या आत आणि उभे राहून वरचा आकडा ९० च्या खाली नाही, एवढे साधायचे होते. आम्ही समजलो, आमचे काम झाले. रस्त्यात कोणीही विचारी, “कसं काय, बीपी उतरलं का?” आम्ही स्वतः दोनदा म्हणालो, “ताई, मोठ्या मुश्किलीने तारीख मिळाली आहे, ती हुकता कामा नये.”

नवव्या दिवशी आम्ही वही पाहिली. १२०/८०. १२०/८०. १२०/८०. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, बसून तेच, उभे राहून तेच. आम्ही उभा जन्म कीर्द-खतावणीत घालविलेला माणूस. ज्या वहीत रोज एकच शिल्लक निघते, ती वही कोणीतरी बसून लिहिलेली असते. आम्ही यंत्र मागवून घेतले आणि स्वतः लावले. १६८/१००.

मुलगी रडू लागली. म्हणाली, “काका, मायनंच सांगतलं तसं लिहाले.” बाई खाली मान घालून बसली होती. मग हळूहळू सगळे बाहेर आले. तिसऱ्या दिवशी पहाटे उठताना तिला अंधारी आली आणि ती चुलीजवळ पडली. तेव्हापासून तिने संध्याकाळची गोळी बंद केली. गोळ्यांना पैसे लागतात हेही मनात होते. आकडा खरा लिहिला तर डॉक्टर तारीख देणार नाहीत अशी धास्ती. “तारीख हुकली असती न भाऊ. सोंगणी तोंडावर आली. मी खाटेवर, त मंग घर कोण पाहीन?”

आम्ही रागावणार होतो, पण तोंडातून शब्द निघेना. ‘तारीख हुकता कामा नये’ हे तिच्या कानात आम्हीच घातले होते. चांगला आकडा ऐकला की शाबास म्हणणारे आम्हीच होतो. खरा आकडा ऐकायला कोणी तयार नसेल तर घरातले माणूस खोटा आकडा सांगते.

त्या रात्री आम्ही विनयपिटकातील महावग्ग काढून बसलो. अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. पण त्याला जोडून रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत, तिकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. जे हितकर ते करावे, त्यातही प्रमाण राखावे, औषध घ्यावे, दुखणे सोसण्याची ताकद ठेवावी. आणि त्यांतलाच आणखी एक गुण असा की सेवा करणाऱ्याला दुखण्याची खरी स्थिती सांगावी. वाढले तर वाढले, घटले तर घटले, तसेच असेल तर तसेच. रक्तदाबाच्या वहीचा याहून नेमका नियम दुसरा नाही. सेवा करणाऱ्याचेही पाच गुण तेथेच आहेत. त्यांत काय बाधते आणि काय मानवते हे त्याने जाणावे, आणि लाभासाठी नाही तर मैत्रीभावाने सेवा करावी, असे म्हटले आहे. आम्ही यंत्र आणले, वही आणली, पण बाधते काय हे विचारले नाही.

सकाळी नागपूरला फोन लावून खरे ते सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, बरे झाले आधी कळले, ही वही खरी धरून ऑपरेशनला घेतले असते तर टेबलावर कळले असते. चक्कर येणे हे गोळी लागू पडत असल्याचे लक्षण असते, त्यासाठी गोळी बंद करायची नाही, आम्हांला सांगायचे, आम्ही प्रमाण बदलू. तारीख दोन आठवडे पुढे गेली. त्या बाईने आपल्या हाताने वहीतली खोटी पाने फाडली आणि नव्या पानावर १६८/१०० असा पहिला आकडा लिहविला.

पुढच्या दिवसांत वहीत १५४ होता, १४० होता, एकदा उभे राहून ८६ होता. तेव्हा लगेच फोन केला. शेवटच्या आठवड्यात आकडे १२० ते १३० च्या आसपास स्थिरावले, झटका एकही आला नाही. ऑपरेशन दुर्बिणीतून झाले. गाठ हाताळताना दाब एकदा चढला, तो भूलतज्ज्ञांनी औषधाने उतरविला. गाठ निघाल्यावर खाली आला, तो सलाईन आणि औषधाने सावरला. दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवले, कारण अशा रुग्णाची साखरही नंतर एकदम उतरू शकते. सहाव्या दिवशी सुटी झाली. परतताना सगळ्यांनी दीक्षाभूमीवर जाऊन वंदना घेतली. सोंगणी त्या वर्षी वस्तीतल्या बायांनी तिच्या वाट्याची करून दिली.

घरोघरी लक्षात ठेवायचे

ज्या घरात असा रुग्ण असेल त्यांच्यासाठी, आणि थोडेफार सगळ्याच रक्तदाबवाल्यांसाठी, काही गोष्टी लिहून ठेवतो.

१. रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी सुरू झाली की पहिली मात्रा निजण्याच्या वेळी, अंथरुणावर बसून घ्यावी. उठताना आधी कुशीवर वळावे, मग बसावे, मग उभे राहावे. नाक चोंदते, चक्कर येते. गोळी आपल्या मनाने तोडू नये, डॉक्टरांना कळवावे.

२. दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर गाठीचा कागद आधी दाखवावा. उलटीवर दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइडचे इंजेक्शन, स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि सर्दीच्या काही गोळ्या यांनी अशा रुग्णाला जीवघेणा झटका येऊ शकतो. अंग दुखते म्हणून मिळेल ते ‘ताकदीचे इंजेक्शन’ घेणे तर अजिबात नको.

३. पोट चोळून घेऊ नये, पोटावर दाब देऊ नये. गाठ दाबली की झटका येतो.

४. झटक्यात रक्तदाब फार चढला, छातीत कळ आली, बोलणे अडखळले, दिसेनासे झाले, तर घरी वाट पाहू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

५. ऑपरेशन झाले म्हणजे संपले नाही. काही आठवड्यांनी लघवीची किंवा रक्ताची तपासणी पुन्हा करावी लागते आणि पुढे दर वर्षी. गाठ परत येऊ शकते. दहापैकी तीन-चार रुग्णांत हा दोष आनुवंशिक असतो, म्हणून भावंडे व मुले यांच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे.

६. उपचार मोठ्या ठिकाणीच करावा, जेथे ग्रंथींचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून काम करतात. मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयाचा अंतःस्रावी ग्रंथींचा विभाग अशा गाठींवर पुष्कळ वर्षे काम करीत आहे. आपल्या विदर्भासाठी नागपूर जवळ आहे.

७. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे आणि हे ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसते का हे भरती होण्याआधीच विचारावे. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. मात्र भरती होण्याआधी घरी घ्यायच्या गोळ्यांचा खर्च बहुधा घरावरच पडतो. आमच्या भगिनीची गोळी तेथेच तुटली होती. साधा रक्तदाब तपासायला तर पैसेही लागत नाहीत. राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत.

शेवटी विहार कमिट्यांना आमची एक विनंती आहे. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिक्षेपकाला आपण किती देतो हे आम्ही हिशेब लिहिणारे जाणतो. त्यातून थोडे बाजूला काढून प्रत्येक विहारात एक रक्तदाबाचे यंत्र आणि एक जाड वही ठेवा. रविवारी वंदना झाली की दहावी-बारावीच्या मुला-मुलींनी वडीलधाऱ्यांचा रक्तदाब घ्यावा आणि निघेल तोच आकडा लिहावा. ज्याची गोळी पैशावाचून तुटत असेल त्याच्या गोळीची जबाबदारी वस्तीने घ्यावी. आणि ज्याचा आकडा वाईट निघेल त्याला कोणी बोल लावू नये.

ती भगिनी आता पुन्हा कामावर जाते. तिची वही विहाराच्या कपाटात ठेवलेली आहे. पहिली पाने फाटलेली आहेत. ती पाने परत चिकटवावीत असे आमच्या मनात आले होते, कारण चूकही जपून ठेवावी. पण तिच्या मुलीने नको म्हटले. ती म्हणाली, “काका, खरी जिथून सुरू होते तिथूनच ठेवा.” आम्ही तशीच ठेवली.

जयभीम. नमो बुद्धाय.